लाल टोपण, जांभळं टोपण

साडेसहाला चोपडा सोडतो मी,
मागे बर्फाची पेटी, पेटीत एकतीस नळ्या,
एकतीस माणसांचं उपाशीपोटीचं रक्त.
दहाच्या आत जळगाव.
मे महिन्यात नऊच्या.

गाडी दोन हजार अकराची.
एक लाख चौदा हजारांवर काटा थांबला,
गाडी थांबली नाही.
महिनाभर मात्र टकटक येतेय,
केळीच्या बागांमधून जाताना जास्त,
पानं आवाज परत पाठवत असावीत.

म्हणून बाटली घेतली.
तळहाताएवढी, तीनशे साठ रुपये,
वर सोनेरी थेंब, थेंबात झेपावणारा चित्ता.
तेलात नुसती ओतायची.
विकणारा पोरगा म्हणाला, काका, घर्षण शून्य.
शून्य असं म्हणाला
जसं आपण म्हणतो, रिपोर्ट नॉर्मल.

अडावदला सुपडू मिस्त्री गॅरेजातच झोपतो,
म्हणून सातला उघडं.
त्यानं पट्टी काढली, बनियनला पुसली,
परत बुडवून तेल दोन बोटांत चोळलं.
"कधी बदलेल शे?"
दिवाळीला, म्हणालो. कुठल्या, ते नाही सांगितलं.
तो गप्प बसला.
त्याची शिवी हीच.

मग बाटली उलटीपालटी करून:
"भो, मोटारमा क्लच आल्लग ऱ्हास.
तुनी गाडीना क्लच याच तेलमा बुडेल शे.
इंजिन म्हने सरकू दे,
क्लच म्हने धरू दे,
तेल बिचारं दोन्हीस्नं ऐकस.
तू त्यामा आखो गुळगुळीत वतशी,
तो कसाले धरी?"

फळीवर अशा अकरा बाटल्या, सीलबंद,
गिऱ्हाइकांनी आणलेल्या, इथेच राहिलेल्या.
चित्ते, गरुड, एक तर चक्क रॉकेट.
मंग या कसाले ठेवस?
"शटरले."
खरंच, त्याचं शटर आवाज न करता वर जातं.

पण हिरालाल, माझा साडू, दर सर्व्हिसला टाकतो.
नऊ वर्षं गाडी कुरकुरली नाही त्याची.
"चालनी ऱ्हाई," सुपडू म्हणाला.
"बाटलीबिगर नई चालती, हाई कोन सांगी?
माले बी नई माहीत."

इथे आमच्या धंद्यातलं काहीतरी जागं झालं.
सांगायचं तर दुसरा हिरालाल हवा,
तोच रस्ता, तीच धूळ, तीच साडेतीन मणी बायको मागे,
फक्त बाटली नको.
कुठून आणायचा?

बर्फ बघायला पेटी उघडली.
जांभळ्या टोपणाच्या नळीत आधीच औषध असतं,
रक्त गोठू नये म्हणून.
लाल टोपणाची कोरी,
तिथे गोठलंच पाहिजे.
नवा होतो तेव्हा लाल नळीत रक्त कमी पडलं,
मी जांभळीतलं थोडं तिच्यात ओतलं.
रक्तच तर होतं.
त्या बाईचं कॅल्शियम जवळजवळ शून्य आलं.
बाई समोर बसून
फोनवर सुनेला झाडत होती.

तेल बदललं. साधंच,
डब्यावर मोटरसायकल लिहिलेलं.
"जे घालनं ते कंपनीनी घालेल शे," सुपडू म्हणाला,
"तू फक्त येळवर बदल."
टॅपेट कसले. टकटक अर्धी राहिली.
उरलेली?
"ऱ्हाऊ दे. आवाज शे म्हंजे जागा शे."

बाटली फळीवर ठेवून निघालो. बारावी.

विदगावच्या पुलावर केळीच्या ट्रकमागे अडकलो.
खाली तापी, अर्धी वाळू.
क्लच दाबला, सोडला.
धरला.
आठ चाळीस.
ट्रक थांबला म्हणून इंजिन बंद केलं,
आणि तरी
ट्रकच्या धडधडीनं पूल हलत होता तेवढ्यात
पाठीमागून टकटक आली,
बारीक, काचेची.

महिनाभराची कितीशी टकटक
या पेटीतली होती
कुणाला विचारू?